ख्वाय रंगाऱ्याचा अर्धा पूल

ख्वायदादाने देश बदलला तेव्हा तो एकूण साडेतीन मिनिटं चालला. बाकीचे लोक जहाजात कोंबून, तीन-तीन दिवस ओकत उत्तरेला आले, आणि त्यांच्या त्यागाचे धडे पुढे शाळेच्या पुस्तकात लागले. ख्वायदादा खांद्यावर ब्रशांची झोळी टाकून हिएन लुआंग पुलावर चढला आणि या बाजूला उतरला. झालं. मागे वळून पाहिलं तर पलीकडच्या काठावर त्याचं घर दिसत होतं, आणि दारात आई कोंबड्यांना हाकलत होती.

मी फुंग. बेन हाय नदीच्या उत्तर काठावरच्या चौकीत तेरा वर्षं कारकून होतो. बैठकांची टिपणं लिहायची, रंगाचे डबे सांभाळायचे आणि वरिष्ठ जे बोलले ते वरिष्ठांच्या वरिष्ठांना आवडेल अशा भाषेत कागदावर उतरवायचं, हे माझं काम. त्या तेरा वर्षांत मी जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेलं निम्मं कुणी वाचलं नाही. हे मात्र कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही, त्यामुळे जरा खरं लिहायला हरकत नाही.

चौपन्न साली जिनिव्हात मोठमोठ्या साहेबांनी शांतता करार केला. नकाशावर रेघ ओढायची तर कुठे ओढायची, यावर म्हणे बरीच घासाघीस झाली, आणि शेवटी ती आमच्या नदीवर येऊन पडली. उत्तरेला आम्ही कम्युनिस्ट, दक्षिणेला ते राष्ट्रवादी. गंमत अशी, की राष्ट्राच्या नावाने आम्हीही तेवढाच गळा काढत होतो, आणि गरिबांच्या नावाने तेही. ‘देश एक आहे’ हे वाक्य दोन्ही काठांवरचे भोंगे दिवसभर एकमेकांच्या अंगावर फेकत. इतकं एकमत असलेली माणसं मी उभ्या आयुष्यात भांडताना पाहिली नाहीत. त्यांचा झेंडा आमच्यापेक्षा उंच दिसला की आम्ही खांब वाढवायचो, आमचा दिसला की ते. पुलाच्या बरोबर मध्ये एक रेघ मारलेली होती. तिच्या अलीकडे आमच्या चारशे पन्नास फळ्या, पलीकडे त्यांच्या चारशे चव्वेचाळीस. या सहा फळ्यांच्या जोरावर आमच्या चौकीत पहिली दोन वर्षं बरीच भाषणं झाली.

करारात लिहिलं होतं की ही वाटणी तात्पुरती आहे. दोन वर्षांनी निवडणूक होईल, मग जो तो आपापल्या घरी जाईल. तोवर फ्रेंचांविरुद्ध ज्यांनी काही केलं होतं त्यांनी उत्तरेला यायचं. ख्वायदादाने बंदूक कधी हातात धरली नव्हती. पूर्वजांचे देव्हारे लाल-सोनेरी रंगवणं हा त्याचा घरचा धंदा. पण भिंतीवर घोषणा लिहायला रंगारी लागतो, आणि ख्वायदादाचं अक्षर सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरापायी त्याचं नाव यादीत आलं. निघताना सगळेच जण घरच्यांना दोन बोटं दाखवत. दोन बोटं म्हणजे दोन वर्षं.

ख्वायदादाची आई विधवा, बाजारात पान-सुपारी विकायची. सगळी वस्ती तिला ‘ख्वायची आई’ म्हणूनच ओळखायची. दादाने तिला दोन बोटं दाखवली तेव्हा काय झालं ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय, की आता मी तिथे उभाच होतो असं वाटतं.

“दोन बोटं मला नको दाखवूस,” ती म्हणाली. “बाजारात शिपाई पण दाखवतात. दोन विडे फुकट पाहिजेत म्हणून.”

“अगं आई, करार झालाय. सह्या झाल्यात.”

“सह्या करणाऱ्यांपैकी एकाने तरी आपली नदी बघितलीय का रे?”

“नसेल बघितली.”

“मग झालं तर. बरं, ते राहू दे. मी मेले तर पुढे कोण चालणार?”

हा प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडे बाप गेला तर मुलं शवपेटीच्या मागून चालतात. आई गेली तर थोरल्या मुलाने पुढे चालायचं, आणि तेही उलटं. तोंड आईकडे, पाठ रस्त्याकडे, कमरेत वाकून, काठी टेकत, एकेक पाऊल मागे टाकत थेट खड्ड्यापर्यंत. असं का, याची कारणं जाणते लोक बरीच सांगतात. ख्वायदादाचं म्हणणं सोपं होतं. लहानपणी आपल्याला चालायला शिकवताना आई अशीच आपल्यापुढे उलटी चालते, वाकून, हात पुढे करून. ते शेवटी एकदा परत करायचं. धाकट्याने ते केलं तर चालतं, पण थोरला जिवंत असताना धाकट्याने पुढे चालावं म्हणजे घराची नाचक्की.

“दोन वर्षांत मरू नकोस म्हणजे झालं,” दादा म्हणाला.

“मी काय करारावर सही केलीय?” म्हातारी म्हणाली आणि पानाची टोपली उचलून बाजाराला गेली.

दोन वर्षं गेली. छप्पनचा जुलै आला आणि गेला, निवडणूक काही आली नाही. दक्षिणेचे म्हणाले, आम्ही सही केलीच नव्हती. आमचे म्हणाले, आम्ही निषेध करतो. मी निषेधाच्या सहा प्रती काढल्या. कराराची देखरेख करायला तीन देशांचे साहेब आले होते, एक भारताचा, एक पोलंडचा, एक कॅनडाचा. त्यांचं काम पाहणं हे होतं, आणि ते त्यांनी चोख केलं. ख्वायदादा त्या दिवशी दुपारभर काठावर बसून होता. संध्याकाळी चौकीत आला आणि मला म्हणाला, “फुंग, लेका, काहीतरी काम दे. नाहीतर मी पोहत जाईन आणि कुणीतरी मला गोळी घालील, मग ‘कुणी घातली’ यावर तुला परत सहा प्रती काढाव्या लागतील.”

म्हणून मी त्याला चौकीच्या प्रमुखांपुढे उभं केलं. कॉम्रेड निएम दूर दक्षिणेकडचे, ख्वायदादासारखेच चौपन्नात आलेले, पण जहाजाने. कडक माणूस. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही, दात असल्याचा पुरावा फक्त जेवताना मिळायचा. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

“वर्ग कोणता? शोषक की शोषित?”

“उन्हाळ्यात शोषित, कॉम्रेड,” ख्वायदादा म्हणाला. “पावसाळ्यात आम्हाला कोणी विचारतच नाही.”

मी ‘कारागीर, विश्वासू’ असं लिहून टाकलं. अशा रीतीने ख्वायदादा सरकारी रंगारी झाला आणि त्याच्या हाती अर्धा पूल आला.

आता पुलाच्या रंगाचं सांगतो. एके दिवशी दक्षिणेने आपला अर्धा पूल हिरवा रंगवला. आमचा तेव्हा गंजका होता. कॉम्रेड निएमनी तातडीची बैठक घेतली.

“त्यांचा डाव उघड आहे,” ते म्हणाले. “दोन रंग म्हणजे दोन देश. देश एक आहे, म्हणून पूल एकाच रंगाचा पाहिजे. आपणही हिरवा.”

आम्ही हिरवा केला. दक्षिणेला ते झोंबलं. त्यांनी तपकिरी केला. आम्ही तपकिरी केला. त्यांनी निळा केला, आम्ही निळा. बिचाऱ्यांना वेगळं व्हायचं होतं आणि आम्ही त्यांना होऊ देत नव्हतो. मी एकदा धीर करून विचारलं, “कॉम्रेड, आपण मुळात वेगळा रंग दिला असता, तर त्यांनी ‘देश एक आहे’ म्हणून आपला रंग घेतला नसता का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे तीन महिने मी फक्त टिपणं लिहिली.

ख्वायदादाला राजकारणाचं काही पडलेलं नव्हतं. पहिल्याच वेळी तो रेघेपर्यंत गेला, पलीकडचा कठडा खालून-वरून न्याहाळला आणि एकदम हसायला लागला. पलीकडच्या पोलिसाने बंदूक सावरली.

“काय झालं?” मी विचारलं.

“हे बोंग्याचं काम आहे. ओघळ बघ खालचे! लहानपणापासून सांगतोय, डब्याच्या काठाला ब्रश निथळव, निथळव. गाढवाला अजून अक्कल आलेली नाही.”

बोंग म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, आईपाशी राहिलेला. आमच्या सरकारने एका भावाला नोकरी दिली होती, त्यांच्या सरकारने दुसऱ्याला. दोन्ही सरकारांना याचा पत्ता नव्हता. अर्ध्या पंचक्रोशीला होता.

त्या दिवशी ख्वायदादाने आमच्या बाजूचा कठडा हिरवा केला आणि खाली अगदी तसेच ओघळ सोडले. कॉम्रेड निएम पाहणीला आले. त्यांनी ओघळावर बोट ठेवलं. “हा काय गलथानपणा?”

“कॉम्रेड, त्यांच्याकडे ओघळ आहेत. आपल्याकडे नसले तर लोक म्हणतील दोन देश आहेत.”

कॉम्रेड निएमनी बराच विचार केला आणि ओघळ मंजूर केले. ते टिपण माझ्या हातचं आहे.

पुढे पुढे दोघे भाऊ एकाच वेळी पुलावर असायला लागले. रेघेच्या दोन्ही अंगांना पोलीस उभे, आणि पलीकडच्या माणसाशी अवाक्षर बोलायला मनाई. नियम तसा स्पष्ट होता. पण आपल्या रंगाच्या डब्याशी बोलू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सुरुवात बोंगने केली. डब्यात काडी फिरवत तो मोठ्याने म्हणाला, “काय रे डब्या, आईची शेवटची दाढ पडली बरं का. आता पान कुटून द्यावं लागतं.”

ख्वायदादाने आपल्या डब्यात डोकं घातलं. “ऐक रे डब्या! खलबत्ता जड आहे. तिला कुटायला लावू नकोस म्हणावं त्या आळशाला.”

“डब्या, तुला सांगतो, आळशी म्हणणाऱ्याने स्वतः येऊन कुटावं.”

“डब्या, माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल!”

दोन्ही बाजूंचे पोलीस नदीकडे बघत उभे राहायचे. तेही इथलेच, कुणाची बहीण पलीकडे, कुणाची सासुरवाडी. दर रंगाला असं तासभर डब्यांचं बोलणं व्हायचं. त्यामुळे ख्वायदादा मनातून दक्षिणेच्या सरकारवर खूश असायचा. त्यांनी लवकर रंग बदलावा म्हणून तो देव पाण्यात घालून बसलेला असे. एकदा वर्षभर निळा टिकला, तर हा माणूस खचून गेला.

नाही म्हणायला कार्डंही होती. दोन भागांमध्ये टपालाची साधी कार्डं चालत, ठरल्या दिवशी पुलावर थैल्यांची अदलाबदल व्हायची. कार्डावर काय लिहायचं याला दोन्हीकडे कात्री. त्यामुळे बोंगची कार्डं पानाच्या विड्याइतकी लहान असत. ‘आई बरी. पान खाते.’ पुढे ‘पान कुटून खाते.’ मग एकोणसाठच्या शेवटाला आलं, ‘आई पान मागत नाही.’

हे वाचून ख्वायदादा माझ्या टेबलासमोरच्या बाकावर खाली बसला. पान सोडलेली म्हातारी आमच्याकडे फार दिवस काढत नाही. “फुंग, अर्ज लिही,” तो म्हणाला. “चार दिवस जायचं आणि परत यायचं. मी काही तिकडे राहत नाही. मला फक्त तिच्यापुढे चालायचंय.”

मी अर्ज लिहिला. मला अर्ज लिहिता येत होते, त्याचा मला गर्वही होता. आमच्या जिल्ह्याने उत्तर दिलं: आई शत्रूच्या जुलमामुळे आजारी पडली असं अर्जदाराने लिहून दिलं, तर विचार करू. ख्वायदादा म्हणाला, ती म्हातारपणाने आजारी पडलीय, पण लिहा तुम्हाला हवं ते. लिहिलं. मग दक्षिणेचं उत्तर आलं: अर्जदाराने कम्युनिझम सोडल्याचं आणि राष्ट्राकडे परतल्याचं जाहीर केलं, तर परवानगी देऊ. ख्वायदादा म्हणाला, मी कम्युनिझम कधी धरला होता, पण लिहा. यावर कॉम्रेड निएम म्हणाले, “हे लिहिलंस तर परत येता येणार नाही.” आणि न लिहावं तर जाता येणार नव्हतं. तीन देशांच्या साहेबांकडेही एक प्रत गेली. त्यांनी ती मिळाल्याचं कळवलं. त्यांच्या परीने ते भले लोक होते.

“एका म्हातारीपुढे चार पावलं चालायला दोन राष्ट्रांच्या परवानग्या लागतात,” ख्वायदादा मला म्हणाला, “आणि दोन्ही राष्ट्रं म्हणतात, देश एक आहे.” मी त्याला हळू बोल म्हटलं. मला तेवढंच जमायचं.

साठ साल उजाडलं. नवं वर्ष होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, बारीक झिमझिम चालू होती. सकाळी मी आणि ख्वायदादा पुलावर गेलो, तर बोंग रेघेपलीकडे कामाला लागलेला. त्याने कठड्याचा निळा खरवडून काढला होता आणि तो पांढरा रंग देत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. डब्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली होती.

सुतकाची पट्टी. आई-बापांपैकी एक जिवंत असेल तर तिची मागची टोकं लहान-मोठी ठेवतात. दोघंही गेले की सारखी. ख्वायदादाचा बाप फ्रेंचांच्या वेळीच गेलेला. बोंग आमच्याकडे पाठ करून वाकला तेव्हा पट्टीची दोन्ही टोकं त्याच्या मानेवर आली, आणि ती सारखी होती.

ख्वायदादा अगदी हळू म्हणाला, “आज ओघळ नाहीत.” खरंच नव्हते. बोंगने इतक्या वर्षांत पहिल्यांदा ब्रश निथळला होता.

पलीकडचा पोलीस बोंगला विचारत होता, “अरे, तपकिरी द्यायचा होता ना?” बोंग म्हणाला, “साहेब, खाली पांढरा हात दिल्याशिवाय तपकिरी धरत नाही. आज आणि उद्या वाळू द्या.” एवढं तो जरा मोठ्याने म्हणाला.

इकडे चौकीत हलकल्लोळ. दक्षिणेचा पूल पांढरा! कॉम्रेड निएमनी बैठक बोलावली. एक जण म्हणाला, पांढरा म्हणजे शरणागती, त्यांचं धैर्य खचलं. दुसरा म्हणाला, हाच तर सापळा. आपण नेहमीप्रमाणे त्यांच्यासारखा रंग देणार हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे उद्या सगळा पूल पांढरा दिसणार, आणि ते फोटो काढून जगाला सांगणार की उत्तर शरण आली. तिसरा म्हणाला, मग नको देऊ या. चौथा म्हणाला, म्हणजे तुला दोन देश मान्य आहेत? तिसऱ्याने सूचना मागे घेतली. खरं कारण माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि टिपण लिहिणाराही मीच. ख्वायदादाने मला येतानाच बजावलं होतं: “तोंड उघडलंस तर हे लोक तिच्यावर ठराव करतील.” मी लिहिलं: ‘पांढऱ्या रंगाच्या राजकीय अर्थावर सखोल चर्चा झाली.’ जिल्ह्याला फोन लावला. जिल्ह्याने वर विचारलं. दुपारी उत्तर आलं: धोरणात बदल नाही. पूल एकाच रंगाचा. ताबडतोब पांढरा द्यावा.

“आत्ता हवा दमट आहे,” ख्वायदादा म्हणाला. “उद्या सकाळी देतो.” दिवसभर तो काठावर उभा राहून पलीकडे बघत होता. त्याच्या घरापुढे मांडव पडला होता, ढोल वाजत होता, पण आमच्या भोंग्यावर पोलादाच्या उत्पादनाचे आकडे चालले होते आणि त्यांच्या भोंग्यावर स्वातंत्र्याचं गाणं, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं. प्रेत कधी निघणार ते मांडवाबाहेरच्या हालचालीवरून त्याने ओळखलं.

सकाळी तो पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन आला. डोक्यावर नेहमीची वेताची टोपी, आणि टोपीखाली, नीट पाहिलं तर दिसेल अशी, पांढरी पट्टी. ब्रश एरवी तो बांबूच्या दांड्याला बांधायचा. आज दांडा पांगाऱ्याचा होता. बापाच्या सुतकात मुलगा बांबूची काठी धरतो, आईच्या सुतकात पांगाऱ्याची. मी दांड्याकडे बघत राहिलो आणि तो माझ्याकडे.

“काठाकडून सुरू कर ना, नेहमीसारखं,” मी उगाच म्हणालो.

“आज रेघेपासून.”

तो मधल्या रेघेपाशी गेला, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला आणि कमरेत वाकला. पलीकडे वस्तीतून लोक निघाले. पुढे निशाणं, मागे ढोल, त्यामागे खांद्यांवर लाल पेटी. वाळूतल्या स्मशानाचा रस्ता वस्तीतून सरळ पुलाच्या तोंडापर्यंत येतो आणि तिथून वळतो. पेटीपुढे बोंग असायला हवा होता. तो नव्हता. तो पेटीच्या बाजूने, खाली मान घालून चालला होता, आणि पेटीपुढची जागा त्याने मोकळी ठेवली होती.

ख्वायदादाने ब्रश कठड्याला लावला, एक हात मारला आणि एक पाऊल मागे आला. वाकूनच. पुन्हा एक हात, पुन्हा एक पाऊल. पोरांना चालायला शिकवताना बाया टाकतात तेवढंच. पलीकडून पेटी पुलाकडे येत होती आणि तिच्यासमोर, नदीवर, थोरला मुलगा उलटा चालत होता, सरकारी आदेशाने.

तेवढ्यात कॉम्रेड निएम पाहणीला बाहेर आले. ते माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी वाकलेल्या माणसाकडे पाहिलं, पांगाऱ्याच्या दांड्याकडे पाहिलं, पलीकडच्या पेटीकडे पाहिलं. त्यांची स्वतःची आई पाचशे मैलांवर दक्षिणेत होती. तिचं कार्ड कधी यायचं नाही. ते माझ्याकडे वळले.

“फुंग, भोंगा बिघडलाय ना?”

“नाही कॉम्रेड, नीट चालू आहे.”

“मी विचारत नाहीये.”

मी धावत जाऊन भोंगा बंद केला. आमचा भोंगा एकाएकी गप्प झाल्यावर दक्षिणेच्या चौकीत घबराट उडाली असावी. आम्ही काय करतोय ते ऐकायला त्यांनी आपलाही बंद केला. सहा वर्षांत पहिल्यांदा नदीवर दोन्हीकडून शांतता झाली. शांतता करार झाल्यापासूनची ती पहिलीच शांतता. पाणी खांबांना लागतं त्याचा आवाज येतो, हे मी विसरलो होतो. मग ढोल ऐकू आला, सनई ऐकू आली, बायांचं रडणं ऐकू आलं. ख्वायदादाने मान वर केली नाही. हात, पाऊल, हात, पाऊल. मला रडू आलं. हे मी टिपणात लिहिलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

पेटी पुलाच्या तोंडाशी आली, वळली आणि वाळूच्या रस्त्याला लागली. ख्वायदादा थांबला नाही. चारशे पन्नास फळ्या तो तसाच उलटा आला. कॉम्रेड निएम म्हणाले, “घाई करू नको म्हणावं. पातळ लागता कामा नये.” आणि आत गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्ही भोंगे पुन्हा सुरू झाले. कुणी आधी सुरू केला, यावर पुढे दोन्हीकडून निषेध झाले.

मी टिपण लिहिलं: ‘समोरच्या बाजूशी रंग जुळवण्यात आला. देशाची एकता अबाधित.’ आईचं सुतक आमच्याकडे तीन वर्षं पाळतात. आमच्या पुलाने ते दीड दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेने तपकिरी दिला, आणि आम्हीही.

तपकिरी देऊन झाल्यावर ख्वायदादा ब्रश धूत बसला होता. मी त्याच्यासाठी हिरवा चहा नेला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, “दादा, काही झालं तरी तू आईच्या पुढे चाललास. इतक्या लोकांच्या नाकावर टिच्चून चाललास. आता मनाला लावून घेऊ नकोस.”

त्याने चहा घेतला नाही.

“फुंग, मुलगा असा उलटा चालतो, तेव्हा आई त्याच्यामागोमाग येते,” तो म्हणाला. “मी प्रत्येक पाऊल मागे टाकलं आणि ती तेवढी लांब गेली.”